उतरवलेली चित्रे, उरलेली भिंत : ताउलच्या चर्चच्या निमित्ताने

एखादी प्राचीन वास्तू 'जतन केली' असे आपण म्हणतो, तेव्हा या वाक्यातले कर्म नेमके कोणते, हे सहसा तपासत नाही. दगड जतन झाले की दगडांची रचना? चित्र जतन झाले की ते चित्र जिथून, ज्या उजेडात आणि ज्या हेतूने पाहिले जाई ती जागा? साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. जात्यावरची ओवी छापील संग्रहात आली की तिचे शब्द राहतात. दळणाचा ताल, पहाटेची वेळ आणि जात्याला दुसरा हात लावणारी बाई राहत नाही. म्हणून ओव्यांचे संकलन करू नये असे कोणी म्हणणार नाही. पण संकलन म्हणजेच ओवी, असेही म्हणता येणार नाही.

हाच प्रश्न स्पेनमधल्या कातालोनिया प्रदेशातील एका खेड्याच्या चर्चबाबत शंभर वर्षांपूर्वी अतिशय ठोस रूपात उभा राहिला आणि अजून सुटलेला नाही. ताउल हे त्या खेड्याचे नाव. तिथली बाराव्या शतकातील भित्तिचित्रे भिंतीवरून सोलून बार्सिलोनाच्या संग्रहालयात नेण्यात आली. हे कृत्य लूट होते की बचाव, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. तो निर्णय त्या क्षणी योग्य होता असे मला वाटते. पण योग्य निर्णयातही काहीतरी गमावले जाते, आणि जे गमावले त्याची नोंद ठेवणे हा जतनाचाच भाग आहे. ही नोंद ठेवण्यात आपण कमी पडतो.

आधी इतिहास. ताउल हे पिरेनीज पर्वतरांगेत, बोई नावाच्या अरुंद खोऱ्यात वसलेले आहे. तिथल्या सांत क्लिमेंत, म्हणजे संत क्लेमेंट, यांच्या चर्चच्या पवित्रीकरणाचा विधी १० डिसेंबर ११२३ रोजी रोदाचा बिशप रामोन याने केला. तारीख इतकी नेमकी सांगता येते, कारण ती चर्चमधल्याच एका खांबावर रंगवून ठेवलेली होती. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, याच गावातल्या सांता मारिया या दुसऱ्या चर्चचे पवित्रीकरण झाले. डोंगरातल्या एका लहान गावात लागोपाठच्या दोन दिवशी दोन चर्चे उभी राहावीत, यामागे या भागातील एरिल घराण्याच्या सरदारांचा आश्रय होता. खोऱ्यातल्या इतर गावांतही थोड्याफार फरकाने याच धाटणीची चर्चे आहेत. त्यांतली नऊ चर्चे २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

ही धाटणी रोमनेस्क म्हणून ओळखली जाते. जाड भिंती, लहान खिडक्या, अर्धवर्तुळाकार कमानी ही तिची ढोबळ लक्षणे. सांत क्लिमेंतमध्ये गोल खांबांच्या दोन रांगांनी विभागलेली तीन दालने आहेत, वर लाकडी छप्पर आहे, आणि दालनांच्या टोकाला तीन अर्धवर्तुळाकार गाभारे आहेत, ज्यांना ॲप्स म्हणतात. बाजूला सहा मजली चौकोनी घंटामनोरा आहे. भिंतीवर उथळ कमानींच्या ज्या पट्ट्या दिसतात, त्या उत्तर इटलीतल्या लोंबार्द कारागिरीशी नाते सांगतात. म्हणजे हे आडबाजूचे खेडे त्या काळच्या युरोपपासून तुटलेले नव्हते. कसब प्रवास करत होते, आणि डोंगर त्याच्या आड येत नव्हते.

आज रोमनेस्क म्हटले की डोळ्यांपुढे उघडा, करडा दगड येतो. ही प्रतिमा अर्धवट आहे. आतल्या भिंती गिलावा करून रंगवलेल्या असत, आणि ताउलची खरी ख्याती त्या रंगकामामुळे आहे. मधल्या गाभाऱ्याच्या वक्र छतावर सर्वाधीश ख्रिस्त बदामी आकाराच्या तेजोवलयात बसलेला आहे. एक हात आशीर्वादासाठी उचललेला, दुसऱ्या हातात उघडे पुस्तक, आणि त्या पुस्तकावर आपणच जगाचा प्रकाश असल्याचे सांगणारे योहानाच्या शुभवर्तमानातले लॅटिन वचन. दोन्ही बाजूंना ग्रीक वर्णमालेतील पहिले आणि शेवटचे अक्षर टांगल्यासारखे लिहिलेले आहे. भोवती चार शुभवर्तमानकारांची प्रतीके, खाली मरिया आणि प्रेषित. मरियेच्या हातात किरणे फाकणारे पात्र आहे. अन्यत्र सात डोळ्यांचे कोकरू आहे. आणि श्रीमंताच्या दाराशी पडलेला, कुत्रा ज्याच्या जखमा चाटतो आहे असा लाझार हा भिकारी आहे. चित्रकाराचे नाव कोणालाच माहीत नाही. कला-इतिहासात त्याला 'ताउलचा आचार्य' म्हणतात, एवढेच. त्याने वापरलेला निळा रंग एरिनाइट या खनिजाचा आहे, आणि ते खनिज याच पर्वतरांगेत सापडते. चित्राची शैली दूरच्या देशांशी नाते सांगते, त्याचा निळा मात्र स्थानिक आहे.

इथे वाचनाचा मुद्दा येतो. वेदी पूर्वेकडे, तिच्यामागे अरुंद खिडकी, आणि खिडकीच्या वर हातात प्रकाशाचे वचन धरलेला ख्रिस्त. सकाळच्या उपासनेला उभा असलेला शेतकरी लॅटिन वाचू शकत नव्हता. पण अंधाऱ्या दालनाच्या टोकाला कोठून उजेड येतो, हे त्याला दिसत होते. चित्रातले अक्षर आणि भिंतीतली खिडकी मिळून एक विधान करत होती. लाझाराची जागाही अशीच अर्थपूर्ण आहे. उपाशी भिकाऱ्याचे चित्र वेदीजवळ असणे आणि संग्रहालयाच्या दालनात असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या ठिकाणी ते समोर उभ्या असलेल्या सधन माणसाला उद्देशून आहे. दुसऱ्या ठिकाणी ते रोमनेस्क वास्तवदर्शनाचे उत्कृष्ट उदाहरण आहे.

ही चित्रे आठशे वर्षे टिकली ती कोणाच्या दक्षतेमुळे नव्हे. पुढच्या शतकांत खोऱ्याची भरभराट ओसरली. जुने पाडून नवे बांधावे इतका पैसा गावांकडे राहिला नाही. गॉथिक काळातल्या एका उंच वेदीपटाने गाभाऱ्यातील चित्रांचा बराच भाग झाकून टाकला, आणि झाकल्यामुळेच तो राखला गेला. दारिद्र्य आणि दुर्लक्ष यांनी जे जतनकार्य केले, त्याची गणना कोणत्याही संस्थेच्या अहवालात नसते.

१९०७ साली परिस्थिती बदलली. त्या वर्षी स्थापन झालेल्या कातालान अध्ययन संस्थेने वास्तुविशारद जुझेप पुच इ कादाफाल्क यांच्या नेतृत्वाखाली या डोंगराळ भागात अभ्यासमोहीम काढली. सोबत आदोल्फ मास हे छायाचित्रकार होते. मोहिमेने चर्चे मोजली, छायाचित्रे घेतली. पुढे चित्रांच्या रंगीत प्रतिकृती करवून त्या प्रसिद्धही केल्या. या उत्साहामागे केवळ विद्याप्रेम नव्हते. कातालोनिया आपल्या स्वतंत्र अस्मितेचा इतिहास शोधत होता, आणि मध्ययुगातली ही कला त्या इतिहासाचे पहिले पान म्हणून हाती आली. पुच इ कादाफाल्क पुढे १९१७ मध्ये कातालोनियाच्या प्रादेशिक सरकारचे, म्हणजे मांकुमुनितातचे, अध्यक्ष झाले, हा योगायोग नव्हे. चर्च तेव्हाच एका नव्या पद्धतीने वाचले जाऊ लागले होते. उपासनेच्या जागी राष्ट्र आले होते.

परंतु छापील प्रतिकृती अभ्यासकांपर्यंत पोचतात तशा व्यापाऱ्यांपर्यंतही पोचतात. १९१९ मध्ये जवळच्याच सांता मारिया दे मुर या चर्चची भित्तिचित्रे संग्राहक आणि व्यापारी यांच्या व्यवहारातून विकली गेली. इटलीहून आलेल्या कारागिरांनी ती भिंतीवरून उतरवली, आणि १९२१ मध्ये ती अमेरिकेत बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात पोचली. आजही ती तिथेच आहेत. बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळापुढे, आणि विशेषतः जुआकिम फोल्क इ तोरेस या कलाभ्यासकापुढे, प्रश्न साधा होता. पुढचे गिऱ्हाईक येण्याआधी उरलेली चित्रे आपण उतरवायची, की ती भिंतीवरच ठेवून एक दिवस ती नाहीशी झाल्याचे ऐकायचे? मंडळाने पहिला पर्याय निवडला, आणि मुरची चित्रे ज्या इटालियन कारागिरांनी उतरवली होती त्यांनाच कामाला लावले. फ्रांको स्तेफानोनी हा त्यांचा प्रमुख. हे काम १९१९ ते १९२३ या काळात चालले.

त्यांच्या पद्धतीला 'स्त्राप्पो' म्हणतात. शब्दशः अर्थ, हिसका. चित्रावर प्राणिज सरसाने कापड चिकटवायचे. सरस सुकताना आकसतो आणि रंगाचा पातळ थर पकडतो. मग कापड खालून ओढत न्यायचे, की भिंतीवरची कातडी निघावी तसे चित्र कापडासह सुटून येते. गुंडाळ्या करून ते खेचरांच्या पाठीवरून डोंगर उतरले. शहरात पोचल्यावर मागच्या बाजूने नवे कापड लावून पुढचे कापड आणि सरस काढून टाकला. कसब असामान्य होते. तरीही भिंतीचा खडबडीतपणा, गिलाव्याची खोली आणि ओला गिलावा सुकल्यावर वरून दिलेले काही हात या हिसक्यात शाबूत राहत नाहीत. रंगाची पुसट सावली मागे भिंतीवर राहते. म्हणजे अखेरीस दोन चित्रे उरतात : एक शहरात नेलेले, दुसरे गावात राहिलेले आणि कोणी न पाहिलेले.

या निर्णयाच्या बाजूने जे बोलता येते ते कमी नाही. मुरचे उदाहरण समोर आहे. शिवाय १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा कातालोनियात कित्येक चर्चे जाळली गेली. त्या वेळी संग्रहालयाने ही चित्रे ओलोत या गावी सुरक्षित हलवली. त्याआधी १९३४ मध्ये मुंज्युइक टेकडीवरच्या राजवाड्यात संग्रहालयाचे नवे दालन सुरू झाले. ते पाहणाऱ्या पहिल्या काही जणांत पिकासो होता. अनामिक डोंगरी चित्रकाराला विसाव्या शतकाचा वाचक मिळाला तो स्थलांतरामुळेच. संग्रहालयाचा प्रामाणिकपणाही मान्य केला पाहिजे. चित्रे सपाट चौकटीत न लावता गाभाऱ्याच्या वक्रतेनुसार लाकडी सांगाड्यांवर बसवली आहेत, आणि प्रेक्षक त्या सांगाड्यांच्या मागे जाऊन त्यांची उघडी फळ्या-पट्ट्यांची पाठ पाहू शकतो. ही भिंत खरी नाही, हे लपवलेले नाही.

'लूट' हा शब्द म्हणून मला अपुरा वाटतो. पण 'बचाव' हा शब्दही पुरेसा नाही. बचाव म्हटले की काहीच गेले नाही असे ध्वनित होते. गेले ते असे : चित्र आणि खिडकी यांचा संबंध, लाझार आणि भाविक यांचा संबंध, डोंगरातला निळा आणि डोंगर यांचा संबंध. या संबंधांना वजन नसते, त्यामुळे खेचरावर लादलेल्या सामानाच्या यादीत ते नव्हते. हेच खोऱ्यातल्या एरिल ला वाल् या शेजारच्या गावातही घडले. तिथल्या चर्चमध्ये ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवण्याच्या प्रसंगाचा सात काष्ठमूर्तींचा समूह १९०७ च्या मोहिमेला सापडला. आज त्यांतल्या पाच मूर्ती विकच्या संग्रहालयात आहेत, आणि मरिया व योहान या दोन बार्सिलोनात. शोक करणारी आई एका शहरात, आणि ज्याच्यासाठी शोक करायचा तो मुलगा दुसऱ्या. प्रत्येक मूर्ती उत्तम स्थितीत आहे. मोडला आहे तो प्रसंग.

याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. अजिंठ्याची चित्रे तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली, लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले, आणि १९२० ते १९२२ च्या दरम्यान त्यांनी लेण्यांत काम केले. ताउलला इटालियन हात चित्रे भिंतीवरून सोडवत होते, त्याच सुमारास अजिंठ्याला इटालियन हात चित्रे भिंतीला घट्ट करत होते. तिथे निर्णय उलटा होता : चित्र जागेवरच राहील. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी सांधला, आणि रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर लाखेचे रोगण दिले. कालांतराने ते रोगण पिवळे पडत काळवंडले, आणि ते उतरवण्यासाठी पुढच्या पिढ्यांना कष्ट घ्यावे लागले. जागेवर ठेवण्याची किंमत ही अशी. पण अजिंठ्यात आजही डोळे अंधाराला सरावल्याशिवाय चित्र दिसत नाही, आणि ते सरावणे हा त्या चित्राच्या आस्वादाचा भाग आहे. दोन्ही ठिकाणी कोणीही बेजबाबदार नव्हते, आणि दोन्ही ठिकाणी काहीतरी गेले.

जतनाचा आणखी एक प्रकार याहून अधिक शंकास्पद आहे, आणि त्यावर चर्चा कमी होते. तो म्हणजे वास्तू 'मूळ रूपात' आणणे. ताउलच्या सांता मारिया चर्चमध्ये अठराव्या शतकात बरोक धाटणीचे बदल झाले होते. विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारात ते काढून चर्चला पुन्हा रोमनेस्क रूप देण्यात आले. आपण पाठचिकित्सेत प्रक्षिप्त ओव्या वेगळ्या काढतो, तसेच हे काम आहे असे वरकरणी वाटेल. फरक मूलभूत आहे. पाठचिकित्सेत नाकारलेला पाठ तळटीपेत राहतो. उद्याचा संपादक तो पुन्हा वर घेऊ शकतो. वास्तूत नाकारलेला थर ढिगाऱ्यात जातो. आणि प्रक्षिप्त म्हणून काढले ते कोणाचे होते? बाराव्या शतकातल्या सरदाराचे तेवढे अस्सल, आणि अठराव्या शतकातल्या गावकऱ्यांनी आपल्या कमाईतून घातलेले ते भ्रष्ट, हा निवाडा कशाच्या आधारे होतो? गावाने चर्च आठशे वर्षे वापरले, म्हणजे आठशे वर्षे लिहिले. त्यातले पहिलेच प्रकरण ठेवून बाकीची पाने फाडणे याला संपादन म्हणता येत नाही.

या पार्श्वभूमीवर सांत क्लिमेंतच्या रिकाम्या गाभाऱ्याचे पुढे काय झाले, ते महत्त्वाचे आहे. १९६० च्या आसपास तिथे मूळ चित्राची हुबेहूब रंगवलेली प्रतिकृती बसवली गेली. कित्येक दशके पर्यटकांनी तीच पाहिली. २०१३ मध्ये ती काढून टाकण्यात आली. प्रतिकृतीखालची खरी भिंत आणि तिच्यावर मागे राहिलेले मूळ चित्रांचे अवशेष आता उघडे आहेत. काईन हाबेलला मारतो आहे हा प्रसंगही त्यांत आहे. ठराविक वेळी प्रकाशझोतांच्या साहाय्याने संपूर्ण चित्र भिंतीवर काही मिनिटे उमटते : आधी रेषा, मग रंग, मग सर्वाधीश ख्रिस्ताची पूर्ण आकृती. मग प्रकाश विझतो आणि भिंत परत रिकामी होते.

तंत्रज्ञानाच्या अशा खेळांविषयी साहित्याच्या माणसाच्या मनात जो संशय असतो, तो माझ्याही मनात आहे. तरी प्रतिकृतीपेक्षा हा उपाय मला अधिक सच्चा वाटतो, आणि त्याचे कारण तो संपतो हे आहे. प्रतिकृती सांगत होती की काही गेलेलेच नाही. प्रकाशचित्र आधी सांगते की इथे काय होते, आणि विझल्यावर सांगते की ते आता इथे नाही. दुसरे विधान पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

चित्रे परत आणून भिंतीवर लावावीत, ही मागणी भावनेच्या पातळीवर समजण्यासारखी आहे. पण कापडावर चढवलेला तो पातळ थर पुन्हा हलवणे म्हणजे दुसरा हिसका देणे. मालकीचा न्याय आणि वस्तूची प्रकृती या दोन गोष्टी नेहमी एका दिशेने जात नाहीत. आरागोन प्रदेशातल्या सिखेना मठाची भित्तिचित्रे याचे ताजे उदाहरण. १९३६ मध्ये मठ जळाल्यावर ती उतरवून बार्सिलोनाला नेली गेली. दीर्घ वादानंतर मे २०२५ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मठाला परत देण्याचा निर्णय कायम केला, आणि आगीत होरपळलेली चित्रे प्रवास सोसणार नाहीत अशी चिंता संग्रहालय व्यक्त करत राहिले. सिखेनाला लागू होणारा न्याय ताउलला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण ताउलची चित्रे रीतसर विकत घेतलेली आहेत. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. वाद चित्र कोठे असावे याचा चालतो. चित्र आणि जागा यांच्यात काय होते, हा प्रश्न त्या वादात कोणी पक्षकार म्हणून मांडत नाही.

तो मांडणे हे आपले, म्हणजे वाचनाचा व्यवसाय करणाऱ्यांचे, काम आहे. संग्रहालयातल्या फलकावर शैली, शतक आणि कर्ता यांच्या जोडीला ते चित्र कोणत्या खिडकीवर होते, समोर कोण उभे राहत असे आणि ते कसे सोलले गेले, हेही तितक्याच ठळकपणे असले पाहिजे. जीर्णोद्धारात काढून टाकलेल्या प्रत्येक थराची, तो काढण्यापूर्वी, तळटीप झाली पाहिजे. आणि गावातली रिकामी भिंत ही संग्रहालयातल्या चित्राची उणी बाजू न मानता त्याचा दुसरा खंड मानली पाहिजे. ग्रंथाचे दोन खंड दोन गावी असले, तर अभ्यासकाने दोन्हीकडे जावे लागते. बार्सिलोनात ताउल पाहून परतणाऱ्याने पुस्तक अर्धेच वाचलेले असते.